देवाच्या वाफ्यातली आंबुटी

यज्ञेश्वरभटांनी सरुबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते तिनं ओल्या पाल्याची पाटी बागेतल्या गणपतीच्या पायरीवर आदळली त्या सकाळी. तीन वर्षं ती त्याच बागेत दूर्वांचा वाफा राखत होती; पण भटजींच्या लेखी ती म्हणजे वाफ्यात वाकलेली एक पाठ.

नारायण पेठेतल्या त्या सरदारी बागेत कात्रजचं पाणी खेळवलेलं होतं. तरी यंदा पूजेला दूर्वांच्या एकवीस जुड्या धड निघेनात. कारभारी दीनानाथपंतांनी आदल्या संध्याकाळीच निकाल दिला होता, "बाईच्या हाताला गुण नाही. परवा खोपट रिकामं कर." बागेतल्या त्या खोपटाखेरीज सरुबाईला डोकं टेकायला जागा नव्हती.

"देवाच्या पायरीवर कचरा?" भटजी कडाडले.

"कचराच हाय! नीट बगा तरी." तिनं एक वेल ओढून त्यांच्या नाकापुढं धरली. तीन-तीन पानं, प्रत्येकाला टोकाशी खाच, मध्येच पिवळं इवलं फूल. "आंबुटी म्हंत्यात हिला. वरनं खुडली तर मुळातनं फुटती. जिमिनीवर पसरली की पेऱ्यापेऱ्याला मूळ धरती. हरळीला, म्हंजी तुमच्या दूर्वांना, श्वास घेऊ देत न्हाई."

"मग उपट की! तुला ठेवलंय कशाला?"

"तीन वर्सं उपटतीया! पर टाकू कुठं? देवाच्या वाफ्यातलं उकिरड्यावर न्यायचं न्हाई, हितंच कोपऱ्यात निर्माल्यावर ठेवायचं, ह्यो हुकूम कुनाचा? त्या ढिगातनंच ती माघारी येती. हुकूम तुमचा, अन् घर जातंय माजं!"

तिचा अंगठा एका शेंगेवर पडला. शेंग तडकली आणि बारीक बिया भटजींच्या सोवळ्यावर उडाल्या.

भटजींच्या ओठांवर शिवी आली होती. सोवळं झटकताना ती तिथंच राहिली. हुकूम त्यांचाच होता. कुणी विचारलं नसताना, मोठ्या तोऱ्यात दिलेला. संतापानं त्यांचे कान तापले, पण आता तो राग सरुबाईवर नव्हता. ते तसेच सदरेवर गेले.

"पंत, देवाला वाहिलं ते निर्माल्य. हे तण देवाला कधी वाहिलं होतं? चूक माझी आहे. बाईला काढायचं तर आधी मला काढा."

"वा! आज बरं सुचलं," पंत म्हणाले.

"उशिरा सुचलं. आपल्याला तर अजून सुचलेलं नाही."

पंतांनी मान फिरवली, पण खोपटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

सरुबाईनं जमीन भिजवून एकेक मूळ टोकदार खुरप्यानं अख्खं काढलं, कोपऱ्यातला ढीग उन्हात वाळवून बागेबाहेर जाळला, ओल आवडणाऱ्या त्या तणाचं पाणी तोडलं आणि हरळी उंच वाढू दिली. आंबुटीचं नवं रोप दिसलं की फुलायच्या आत निघू लागलं. वाफा भरायला दोन पावसाळे गेले. भटजी रोज विचारपूस करीत. ती वाफ्यात वाकून खुरपत राही.

सरुबाई अजून त्याच खोपटात राहत होती.