विखुरलेली खडी

भाऊ गेल्यावर महिन्याभरातच मी पुन्हा कामाला बसले. माझं काम पुस्तकांतल्या आकृत्या काढायचं. तेव्हा एका निवृत्त प्राध्यापकांचं काँक्रीटवरचं पुस्तक हातात होतं आणि त्यातली एक चौकट भरायची होती: कापलेलं काँक्रीट, आत कुठंही विखुरलेली करडी खडी. माझ्या प्रोग्रॅममध्ये हातानं काही काढत नाहीत, सूचना लिहितात. इतके तुकडे टाक, इतके कोन ठेव, एवढा करडा रंग भर, जागा तुझी तू निवड. सोबत एक आकडा द्यायचा. तो बदलला की सगळी खडी नव्यानं पडते. पुंडलिकनगरच्या आमच्या घरात दिवसभर पंखा फिरायचा आणि मी आकडे बदलत बसायचे. दुःखाची गोष्ट घडली आहे हे ठाऊक होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

सरांना आकृती पसंत पडेना. त्यांचा फोन आला.

"मॅडम, हे रँडम वाटत नाही. इकडं तीन तुकडे चिकटलेत, तिकडं सगळं मोकळं."

"सर, रँडम असंच पडतं."

"असेल हो. पण बघणाऱ्याला पटलं पाहिजे ना. जरा लांब लांब करा."

जन्मभर काँक्रीट फोडून पाहिलेला माणूस, आणि खडीनं वर्गातल्या मुलांसारखं अंतर ठेवून बसावं अशी त्याची इच्छा. एरवी मी हसले असते. मी एक ओळ वाढवली: नवा तुकडा जुन्याच्या फार जवळ आला तर तो टाकून दे, दुसरी जागा शोध. चित्र लगेच नीटस झालं. सरांना पाठवलं, त्यांना आवडलं.

मग चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. आई पोळपाटापुढं बसली होती आणि पोळपाटावर कणकेचे पाच पुतळे ओळीनं ठेवले होते. प्रत्येकाला हात, पाय, इवलंसं डोकं.

वडील वारले तेव्हा पंचक लागलं होतं. पंचकात गेलेला माणूस घरातल्या आणखी कुणाला ओढून नेतो म्हणतात, म्हणून प्रेताबरोबर असे पुतळे ठेवतात. देवगाव रंगारीचे काका तसं म्हणालेही होते. आईनंच नको म्हटलं, कारण वडिलांना असलं काही पटायचं नाही. त्यांचं वर्ष भरायच्या आत भाऊ अजिंठ्याहून परतताना ट्रकखाली गेला. त्याच्या दहाव्याला काका आईला म्हणाले, "तवाच पुतळे ठिवले असते तर पोरगं राह्यलं असतं, वहिनी." एवढं बोलून ते गावी निघून गेले. तेव्हापासून आई ताटावर नुसती बसायची आणि "म्याच मारलं त्याला" म्हणत उठायची. आज ती तेच राहून गेलेले पुतळे करत बसली होती.

मी तिचा हात धरून तिला कॉम्प्युटरपुढं आणलं. सरांसाठी वाढवलेली ओळ काढून टाकली आणि खडी पाडली.

"हे काय काढायलीस?"

"खडी. बघ, कशी पडते ती."

तिनं कणकेनं माखलेलं बोट काचेवर टेकवलं. "हे दोन कुणी चिकटवले?"

"कुणी नाय. आपले आपण पडले."

मी आकडा बदलला. पुन्हा कुठंतरी दोन तुकडे एकमेकांना लागून पडले. पुन्हा बदलला.

"हितं बी," ती म्हणाली. काचेवर कणकेचे ठिपके उठले होते.

"असंच होतं, आई. कुणी काही केलं म्हणून नाय होत. बाबांच्या मागोमाग तो गेला, तेही असंच."

"म्हंजी पुतळे ठिवले असते तरी?"

"तरी. तुझी काय चूक नाय."

मला वाटलं, सुटली बिचारी. तिनं काचेवरचे कणकेचे ठिपके पदरानं पुसले.

"माझी चूक नाय, तर मग तो गेलाच कशाला गं?"

तिच्याकडं निदान एक कारण होतं, तेही मी काढून घेतलं होतं. मी उगाचच आणखी एकदा आकडा बदलला.

आई उठून आत गेली. मी मागोमाग गेले. तिनं पाचही पुतळे परातीत टाकले, पाण्याचा हात लावला आणि मळून त्यांचा एक गोळा केला. मग पोळ्या लाटल्या, मला वाढलं, स्वतःलाही वाढून घेतलं. भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदाच पोटभर जेवली. मी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. आता ताटावर नुसती मी बसले होते.