बेटावर निघालेलं घोंगडं

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पुढं बी.ए.ही झालो. हे मी सगळ्यांना सांगतो, न विचारताही सांगतो. आबा, म्हणजे वडील, मेंढरं वळायचे. आजाही तेच करायचा. घरात भूगोल आणला तो मी.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं झाली असतील. पूर्वेच्या समुद्रातल्या बेटांवर वादळ झालं. घरं उडाली, विहिरींत खारं पाणी शिरलं. आमच्या औरंगाबादच्या कॉलेजात मदत गोळा करायचं ठरलं. मी रविवारी गावी गेलो आणि जेवताना आबांना बेट समजावलं. ताटात कालवण ओतलं, मधोमध भाकरीचा तुकडा ठेवला.

"हे बेट. चहूकडं समुद्र."

"गोदेला पूर आला की खालच्या वाडीचं असंच व्हतं," आबा म्हणाले. "पाणी उतरलं की येतील चालत."

"समुद्र उतरत नसतो, आबा."

"मंग तिथं घर बांधलं कुणी?"

मला पुस्तकातलं पुढचं वाक्य आठवलं. मी म्हणालो, "सगळीकडं पाणी, पण प्यायला थेंब नाही."

आबांचा घास हातातच राहिला. "मंग आपल्यावाणीच की."

तोवर बेट कालवणात विरघळलं होतं. आई म्हणाली, "आता खा ते. अन्न नासायला शिकवत्यात व्हय तिकडं?"

आबा उठले आणि नवं घोंगडं घेऊन आले. आमच्याच मेंढरांची लोकर, काठाला तांबडा दोरा. स्वतःच्या हिवाळ्यासाठी ठेवलेलं.

"हे दे त्यांला."

"तिथं लई उकाडा असतो, आबा."

"भिजल्यावर बी?"

मी घोंगडं काखोटीला मारलं. पण कॉलेजात शहरातली, शहागंजची पोरं इस्त्रीचे कपडे आणत होती, बिस्किटांचे डबे आणत होती. त्यांच्यापुढं हे मेंढरांच्या वासाचं घोंगडं ठेवायची मला लाज वाटली. ते औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर खाटेवर गेलं. खोटं कशाला बोलू, झोप चांगली लागली.

मदतीचा ट्रक निघायच्या दिवशी आबा एस.टी.नं हजर. धुतलेला पटका बांधून.

"आपलं कुठाय?"

"आहे खाली, गठ्ठ्यात."

"खाली भिजंल. वर घेतो."

मी थांबवायच्या आत ते ट्रकवर चढलेसुद्धा. एकेक गठ्ठा सोडू लागले. एकातून बिनबटणांचा गरम कोट निघाला. दुसऱ्यातून कुणाची तरी निजामाच्या काळातली शेरवानी. आबांनी ती दोन्ही हातांनी उंच धरली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "उकाडा असतो म्हणला ना तू?"

भूगोलाचे सर पुढं आले. "काय शोधताय, बाबा?"

"घोंगडं, सायेब. लेकापाशी दिलं व्हतं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "सर, तिथलं हवामान उष्ण व दमट असतं." याच वाक्याला मला परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते.

"ओल्या अंगाला वारा लागला की हवामान कोण विचारतंय?" सर म्हणाले. "घोंगडं कुठंय?"

मी सायकल काढली. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून इतक्या जोरात ती आधी कधी मारली नव्हती. परत आलो तर ट्रक चालू होता आणि आबा त्याच्यापुढं उभे होते, म्हणून तो हलत नव्हता.

आबांनी घोंगडं उलगडलं, झटकलं, नाकाला लावलं.

"खोबऱ्याच्या तेलाचा वास येतोय," ते म्हणाले. "आपली मेंढरं काय डोक्याला तेल लावीत नायत."

त्यांनी घोंगड्याची नीट घडी घातली, ट्रकवर चढून शेरवानीच्याही वर ठेवली, दोरीत अडकवली. मग खाली उतरून ड्रायव्हरला म्हणाले, "आता जा."

त्या हिवाळ्यात मी घरी गेलो तेव्हा कुडकुडत होतो. अंगावर घ्यायला काही आहे का, असं विचारलं.

आबा स्वतः गोणपाटात गुरफटून बसले होते. म्हणाले, "तुझं ते भूगोलाचं पुस्तक हाय नव्हं? उष्ण अन् दमट. पांघर ते."