अर्ध्या प्लॉटवर घर

यवतमाळच्या आमच्या नव्या लेआउटात म्युनिसिपल कमिटीचा नियम असा, की घर अर्ध्याच प्लॉटवर बांधायचं, बाकी अर्धा मोकळा सोडायचा. साठ सालच्या आसपासची गोष्ट. घरं थांबली अर्ध्यावर. किस्से मात्र कंपाउंड ओलांडून गेले.

माझं भांडण खोलीचं. मी शाळेत गेले नाही, गुळाच्या पुडीचे कागद वाचून शिकले. घर झाल्यावर मागे, मोकळ्या अर्ध्यात, एक खोली काढली. माझी एकटीची, वाचायला. कमिटीचा ओव्हरसियर टेप लावून म्हणाला, "बाई, ही नियमाबाहेर जाते. पाडावी लागेल."

मी म्हटलं, "पाडून तर पाहा."

०००

शेजारी कोर्टातले शिरस्तेदार. त्यांच्या अंगणातलं तुळशीवृंदावनही ओव्हरसियरनं बांधकामात धरलं. "पाया आहे ना?"

शिरस्तेदारांच्या बायकोनं, अक्कांनी, कुदळ आणून त्याच्या हातात दिली. "पहिला घाव तुमचा."

वृंदावन नकाशातून गेलं, अंगणात राहिलं.

०००

पलीकडे रूपला नाईक, तांड्यावरून आलेला. त्याच्या आजोबा-पणजोबांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. त्याचं घर टेपाला बरोबर उतरलं. पण आत नुसता कडबा. चूल, बाज, गाय आणि म्हातारी याडी, म्हणजे त्याची आई, सगळं मोकळ्या अर्ध्यात.

"आजी, घरात राहायचं असतं," ओव्हरसियर म्हणाला.

"घर तुह्या नियमानं बांधलं, बाबू. आता त्यात राहाचाबी नियम हाय काय?"

०००

शिरस्तेदारांच्या मुलीचं लग्न निघालं. मोकळ्या अर्ध्यावर मांडव पडला. ओव्हरसियर ऐन पंगतीत टेप घेऊन हजर.

"आधी जेवा, मग मोजा," म्हणत अक्कांनी त्याला पाटावर बसवलं. जिलबीचा आग्रह असा झाला, की उठल्यावर त्याला वाकता येईना. टेपाचं दुसरं टोक वरबापानं धरलं.

शेवटी सगळ्या वऱ्हाडासमोर तो म्हणाला, "राहू द्या. मांडव उद्या उतरेलच. छप्पर उतरलं की बांधकाम नाही."

मी वाढत होते. वाढता वाढता ऐकलं.

०००

ऐन मे महिन्यात तो माझी खोली पाडायला आला. दोन मजूर सोबत. पाहतो तर चार भिंती, वर आभाळ, मधे बाजेवर मी पेपर वाचत बसलेली. छपराच्या टिना रूपलानं सकाळीच उतरवून भिंतीला टेकवल्या होत्या आणि तो तिथंच उभा होता.

"बाई, छप्पर?"

"मांडव होता, साहेब. उतरवला. आता हे बांधकाम नाही. तुम्हीच बोलले, पंगतीत."

मजूर तोंड फिरवून हसले. तो चिडला, पुन्हा मोजतो म्हणाला. भिंती तापलेल्या, टेप हाताला चटके देऊन राहिला. दुसऱ्या भिंतीपर्यंत त्याचा सदरा चिंब झाला.

"जरा सावलीत खुर्ची टाकता का?"

"सावली नियमात बसत नाही, साहेब."

तो उभाच राहिला. एकदा वर पाहिलं, एकदा माझ्या पेपराकडे. मग टेप गुंडाळून खिशात घातला आणि भिंतीशी टेकवलेली टिन एका बाजूनं उचलली.

"नाईक," तो म्हणाला, "दुसरं टोक धरा."