पारखीकाकांना चढलेली बिननशेची वाईन

पारखीकाकांचं खरं नाव विचाराल तर कारखान्यातल्या हजेरीबुकाशिवाय कुणालाच सांगता यायचं नाही. एकतीस वर्षं वाईनच्या कारखान्यात चव पारखायची नोकरी केली, तेव्हा पारखी हेच नाव चिकटलं. सकाळी तळघरात उतरायचं, पिंपापिंपातला घोट तोंडात घ्यायचा, गालातल्या गालात फिरवायचा, डोळे मिटायचे आणि बादलीत थुंकून द्यायचा. मग वहीत लिहायचं, ‘अजून चार महिने’ किंवा ‘बरी’. ‘उत्तम’ हा शब्द काकांनी एकतीस वर्षांत दोनदा लिहिला, आणि त्यातला एकदा पुन्हा खोडला.

तर असा हा नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यात मुलगी एकुलती एक, बापाच्याच वळणाची, रसायनशास्त्र शिकलेली. चार वर्षांपूर्वी तिने जेवताना सांगितलं की तिला नोकरी लागली. वाईनमधला अल्कोहोल काढून घ्यायचं यंत्र आणलेल्या नव्या कारखान्यात. काकांचा घास हातातच राहिला. ‘बापाने जन्मभर पिंपात जपलं, ते काढून टाकायला निघालीस? मग या घरात पाय ठेवू नकोस,’ म्हणाले. आता रागाच्या भरात माणूस बोलतो; दुसऱ्या दिवशी सावरून घेतो. पण सावरून घ्यायचं म्हणजे चुकलं म्हणायचं, आणि ते काकांच्या रक्तात नव्हतं. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली. बापलेकीचं बोलणं बंद.

आधी पूर्ण बंद, मग नुसतं दिवसा बंद. या वर्षीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी काकांनी दोन ग्लास घेतले, फोन उचलला आणि मुलीशी अर्धा तास बोलले. ती लहान असताना तळघरात पिंपांमागे लपायची ते सांगितलं, हसले, रडलेही. सकाळी बायकोने विषय काढला तर म्हणाले, ‘काल जरा जास्त झाली. काय बोललो ते आठवत नाही.’ मग ही पद्धतच पडली. संध्याकाळी दोन ग्लास, फोन, माया. सकाळी कोरडं ठणठणीत तोंड. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते असं.

अशातच डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. यकृत फार बरं नव्हतं. ‘कारखान्यात थुंकता ते ठीक. घरी एक थेंब नाही,’ म्हणाले. काका बाहेर येऊन काकूंना म्हणाले, ‘डॉक्टर कालचा पोरगा आहे. संध्याकाळचे दोन ग्लास सुटायचे नाहीत.’  काकू बिचाऱ्यांची पंचाईत झाली. ग्लास चालू ठेवले तर नवरा जातो, बंद केले तर फोन बंद होतो. बापलेकीमधला एवढा एकच पूल, आणि तो नेमका बाटलीवर उभा.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी मुलीला फोन केला. मुलीने खोकं पाठवलं. काकूंनी नवऱ्याच्या लाडक्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या, नरसाळ्याने त्यांत लेकीच्या कारखान्याचं पेय भरलं, तळहाताने बूच दाबून बसवलं आणि बाटल्या फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवल्या. गार असलं की चव झाकते, हे त्या काकांकडूनच शिकल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा पारखी, त्याला कळलं कसं नाही? अहो, तीच तर गंमत आहे. पारखण्याच्या धंद्यातल्या माणसांचा एक नियम असतो : कामावर चाखायचं, घरी प्यायचं. काका घरी आले की जीभ जणू खुंटीला टांगायचे. ओळखीच्या बाटलीवरचा ओळखीचा कागद बघायचा, दोन घोटांत ग्लास संपवायचा. पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या ग्लासानंतर म्हणाले, ‘आज कडक आहे गं.’ काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. पुढचे तीन महिने काका त्या द्राक्षाच्या पाण्यावर रोज झिंगले. भिंत धरून चालले, दोनदा गाणं म्हटलं, फोनवर रडले. एकदा तर फोनवर मुलीला म्हणाले, ‘चुकलं गं माझं.’ जन्मात पहिल्यांदा. आणि सकाळी नेहमीप्रमाणे, ‘काल जरा जास्त झाली.’

आता खरा पेच ऐका. मुलीच्या कारखान्याने वाईनवाल्यांच्या संघाकडे अर्ज केला : आमच्या बाटलीवर ‘द्राक्षपेय’ लिहायला लावता, ते आम्हाला ‘वाईन’ लिहू द्या. संघाने पाच पारख्यांची समिती नेमली, त्यांत काका. काका घरूनच मत लिहून निघाले. चिठ्ठी खिशात : ‘ही वाईन नव्हे. दुधाची तहान ताकावर.’ पोटच्या पोरीचा अर्ज असला म्हणून काय झालं, तत्त्व म्हणजे तत्त्व.

लांब टेबल, पांढरी चादर, प्रत्येकासमोर आतला रंग दिसू नये म्हणून काळा ग्लास आणि थुंकायची बादली. तिघांनी... नाही, चौघांनी आधी चाखलं. दोघे हो म्हणाले, दोघे नाही. सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काकांनी घोट घेतला, गालात फिरवला, डोळे मिटले. आणि तसेच बसून राहिले.

ही चव त्यांच्या ओळखीची होती. नुसती ओळखीची नव्हे, घरची. त्यांच्या खुर्चीची, संध्याकाळी सातची, हातातल्या फोनची. एकतीस वर्षांची जीभ खोटं कशाला बोलेल? काकांना फ्रिजमधल्या त्या बर्फगार बाटल्या आठवल्या, काकूंचा तोंडाला लावलेला पदर आठवला, आणि डोळे खाडकन उघडले. म्हणजे तीन महिने आपण शुद्धीत होतो. ते गाणं शुद्धीत. ते रडणं शुद्धीत. ‘चुकलं गं माझं’ हेही, अरे देवा, पूर्ण शुद्धीत.

बादली समोर होती, पण काकांनी घोट गिळला. ही वाईन नव्हे म्हणावं तर फोनवरचं ते सगळं शुद्धीतलं ठरतं, म्हणजे आपण बाप म्हणून तोंडावर पडलो. ही वाईन आहे म्हणावं तर पारखी म्हणून. काकांनी क्षणभरच तोललं असेल. खिशातली चिठ्ठी टेबलाखाली फाडली आणि नव्या कागदावर लिहिलं : ‘ही वाईन आहे. कारण : चढते. स्वतः अनुभव घेतला आहे.’

अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. ज्या दोघांनी हो म्हटलं होतं तेही चपापले. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एवढा जुना माणूस, पण मन किती मोठं, म्हणाले. काका मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

दोन दिवस काकांनी फोनला हात लावला नाही.  तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता फोनच वाजला. मुलगी होती.

‘बाबा, तुमचं कारण आमच्या कारखान्यात पोचलं.’

‘बरं मग?’

‘साहेब घाबरले. चढते म्हणजे यंत्रात बिघाड. सगळा माल मला पुन्हा तपासायला लावला. दोन दिवस तेच करतेय.’

‘सापडलं काही?’

‘काही नाही. शून्य आहे बाबा. पहिल्या दिवसापासून शून्य.’ ती थांबली. ‘आईने तुम्हाला...’

‘कळलंय मला. तिथेच कळलं, जिभेवर ठेवल्या ठेवल्या.’

‘मग चढते असं का लिहिलंत?’

काकू दारात भरलेला ग्लास घेऊन उभ्या होत्या. काकांनी हातानेच नको म्हटलं. घसा खाकरला. 

‘शुद्धीत मला जमत नाही गं बोलायला. लाज वाटते,’ म्हणाले. ‘त्या दिवशी जेवताना बोललो ते चुकलं माझं. तू घरी ये.’

 मुलगी म्हणाली, ‘सकाळी विसरणार तर नाही ना?’

‘नाही,’ काका म्हणाले. ‘विसरायला काही घेतलेलंच नाही.’