तात्यांनी मोजलेला पीळ

मीठ टाकून झालं की वहीत खूण करायची, एवढी साधी शिस्त मला परळच्या त्या प्रयोगशाळेत कधी जमली नाही. एकदा चहा पिऊन आलो आणि जिवाणूंच्या खाद्यात टाकलेलं मीठ पुन्हा टाकलं. आमटीत असं झालं तर बटाटा तरी घालता येतो. इथे चूक झालीय हेच मला कळलं नाही. कळलं ते तात्यांना.

तात्या आमच्याकडे रोजावर काचेची भांडी धुवायचे. मूळचे लालबागच्या गिरणीतले, त्रासन खात्यातले, म्हणजे सूत कातून त्याला पीळ देतात तिथले. संपाला वर्ष होत आलं होतं. समोरची चिमणी थंड, भोंगा बंद. तरी पाळी सुटायच्या वेळी त्यांचे हात आपोआप थांबायचे. खिडकीकडे बघत म्हणायचे, "सूत तुटताना आवाज नाय करत रे डॉक्टर. आधी नुसतं वेटोळं घेतं." मला डॉक्टर म्हणणारे जगात ते एकटेच; माझ्या प्रबंधाचा अजून पत्ता नव्हता.

दिसेल तो धागा उपसायचा, दोन चिमटींत धरून उलगडायचा आणि पीळ मोजायचा, ही त्यांची खोड. माझ्या सदऱ्याची दोन बटणं त्यात गेली. त्यातल्याच एका दोऱ्यावर मी त्यांना माझं काम समजावलं होतं. जिवाणूतला डीएनए म्हणजे दुपदरी दोरा, त्याला वर उलटा पीळ दिलेला. त्या ताणाने काही जागी पदर सहज सुटतात, आणि सुटले तरच तिथलं जनुक वाचलं जातं. तात्यांनी दोरा उलटा पिळून पदर फाकवून बघितले. पीळ बदलतो कशाने, असं विचारलं. उष्णतेने, उपासमारीने, खारटपणाने, मी म्हणालो.

"मग सूतच की ते. हवा बदलली की आमचंही वेगळं वागायचं."

मीठ दोनदा पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जिवाणू वाढवायच्या माझ्या सगळ्या बशा निळ्या झाल्या; निळं म्हणजे जनुक चालू. जे जनुक झोपलेलं हवं होतं, ते जागं झालं होतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, भांड्यांत साबण राहिला असणार. संपातला माणूस ठेवला तिथेच चुकलं. तात्या दारात उभे होते. त्यांच्या घरची चूल या रोजावर पेटत होती. सर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मीठ किती वेळा टाकलंस?"

मी वही उघडली. खूण नव्हती.

"उद्या सांगतो सरांना."

"सांग," तात्या म्हणाले, आणि फडकं खिळ्याला नेहमीपेक्षा जास्त नीट अडकवलं.

दुसऱ्या दिवशी मी दहाला पोचलो. सरांनी त्यांना नऊलाच काढून टाकलं होतं. मी चूक कबूल केली तर सर चक्क खूश झाले. मीठ वाढलं, उलटा पीळ वाढला, जनुक उघडलं. हाच तुझा विषय, म्हणाले. आणि हो, त्या तात्याला बोलावून आण. निळ्या बशांच्या नादात मला जायला आठ दिवस लागले. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बायकोला घेऊन गावी गेले, खोली विकायला काढलीय.

गिरणी उघडली नाही. प्रबंध मात्र झाला. ऋणनिर्देशात मी चहावाल्याचंही नाव घातलं.

हे सगळं काल बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पण तात्यांचं नाव काय होतं?"