अंदाजे चाळीस

माझी आत्या छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती, आणि भलेभले सर्जन तिला टरकून असायचे. सगळे तिला 'थांबा-सिस्टर' म्हणत. पोट शिवायच्या आधी, आत घातलेले गॉजचे तुकडे सगळे बाहेर आले का, ते मोजायचं काम तिचं. एकेक तुकडा मोठ्यानं मोजायची आणि एक जरी कमी भरला तर म्हणायची, "थांबा." एकदा एक बडं प्रस्थ वैतागून म्हणालं, "अंदाजे बरोबर आहेत हो, शिवू द्या." आत्यानं सरळ त्याच्या हातातली सुई काढून घेतली. विसावा तुकडा यकृतामागे सापडला.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. वय एकोणऐंशी, चाळीस वर्षं बसमध्ये उभं राहून कंडक्टरकी केलेली. उजवा खुबा पार झिजलाय. खाटेवरून संडासापर्यंत जायला अकरा मिनिटं लागतात आणि मध्ये कोणी हात दिलेला त्यांना खपत नाही. खुबा बदलायच्या यादीत पावणेदोन वर्षं त्यांचं नाव होतं. तेवढ्यात इस्पितळाच्या समितीनं नवं धोरण काढलं: पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचं सांधेबदलाचं ऑपरेशन करायचं नाही, यादीत असतील त्यांची नावं काढायची. हरकती ऐकायला पंधरा दिवसांनी सभा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "मोर्चाच काढते!"

आत्या म्हणाली, "आधी एक वही आण."

पंधरा दिवस आम्ही दोघी हाडांच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलो. यादीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आत्या विचारायची, घरी काय करता, कुठं अडतं, सभेत सांगितलं तर चालेल का? मी लिहून घ्यायची. ज्यांना येणं झेपत नव्हतं, त्यांच्या घरी जायचो.

सभेच्या दिवशी हॉल खच्चून भरला. अध्यक्षांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "याची झळ फारशी कोणाला नाही. अंदाजे चाळीस लोक."

झालं! आत्या उठली. "अंदाजे नाही साहेब, एक्केचाळीस. मी मोजलेत. वाचते."

"सिस्टर, वेळ कमी आहे..."

"अहो, पावणेदोन वर्षं थांबलेत ते, तुम्ही दहा मिनिटं थांबा की!" ही मी. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

आत्यानं चष्मा लावला. "एक. सुतार, सत्याहत्तर. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला रोज उचलून अंघोळ घालतो. दोन. शिक्षिका, एक्क्याऐंशी. तीन नातवंडं सांभाळते, म्हणून सून कामावर जाते." अशी वाचत गेली. एकोणिसाव्याला थांबली. "एकोणीस. बाई, ब्याऐंशी. कोणाचं काही करत नाही. एकटी राहते, रेडिओ ऐकते. तिलाही दुखतं." मग चौतिसावा. "कंडक्टर, एकोणऐंशी. माझा भाऊ." आवाज तसूभरही हलला नाही.

समितीतला तरुण डॉक्टर काही वाईट नव्हता. त्यानं नीट विचारलं, "थिएटर एक आणि सर्जन दोन. तिशीतला गडी आणि ऐंशीचे आजोबा, आधी कोण, सांगा."

"ज्याला जास्त दुखतंय आणि ज्याला झेपेल, तो. ते माणूस तपासून कळतं डॉक्टर, जन्मदाखला बघून नाही. आणि नाही म्हणायचं झालं, तर त्याच्या खाटेपाशी बसून म्हणा."

टाळ्या नाहीत, काही नाही. डॉक्टरनं ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. अर्ध्या तासानं वयाचं कलम गाळलं, प्रत्येकाला तपासून ठरवायचं असा ठराव झाला. आत्याचा मला इतका अभिमान वाटला की घरी जाताना वाटेत ओळखी-अनोळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले. आता बाबा चालणार!

पुढच्या आठवड्यात त्याच डॉक्टरनं बाबांना तपासलं. मग खुर्ची ओढून जवळ बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या हृदयाला भूल झेपणार नाही. मी ऑपरेशन करू शकत नाही."

बाबांनी मान डोलावली. "बरं झालं, स्वतः सांगितलंत."

घरी येऊन मी ढसाढसा रडले. मग आत्यावर उखडले. "दर रविवारी त्यांची छाती तपासतेस. तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. दादाला सांगितलंही होतं, सभेच्या आधी."

"मीच म्हटलं तिला," बाबा खाटेवरून बोलले. "माझं होणार नाही, पण चाळीस जणांचं होईल. जा, भांड. माझंही नाव घे."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

बाबा हसले. "सांगितलं असतं, तर त्या हॉलमध्ये एवढी ओरडली असतीस?"

खोटं कशाला बोलू? नसते ओरडले. म्हणून तर मी या बहीणभावाचं सांगत फिरते, माझं नाही.