भावजींनी बांधलेले गडी

दुसऱ्याचं काही म्हणजे काहीच न उचलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा भावजी कुणाला विचारत नाहीत. अंदाजाने घालून बघतात, आणि मग आम्ही सगळे पाणी पीत बसतो. आमच्याकडे त्या दुष्काळाच्या वर्षांत ही चैन परवडणारी नव्हती. नळाला आठवड्याने पाणी यायचं, तरी बीड बायपासच्या पलीकडे महिन्याला एक नवी इमारत उभी राहायची, आणि त्या इमारतींत नळ बसवायचं काम भावजी करायचे. कोरड्या नळांचा कारागीर, असं मी त्यांना चिडवायची. ते म्हणायचे, "पाणी आणणं माझं काम नाय वहिनी. आलं तर गळणार नाय, एवढं माझं काम." काम आटोपून आले की हातपाय पुसायचे (धुतले म्हणण्याइतकं पाणी नसे) आणि मोबाइलवर लढाईचा एक खेळ घेऊन बसायचे.

त्या खेळात देशोदेशीची माणसं एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाने आपला लढवय्या आपणच तयार करायचा. ठरावीक गुण मिळतात, ते ताकदीत घालायचे, चपळाईत की दमात, हत्यार कोणतं घ्यायचं, सोबतीला जनावर कोणतं ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. अशा जुळणीला खेळणारे 'बिल्ड' म्हणतात. भावजी 'गडी बांधणं' म्हणतात. बाकीची मंडळी कुणा नावाजलेल्या खेळाडूचा व्हिडिओ बघून त्याचा गडी जसाच्या तसा उचलतात आणि जिंकतात. भावजींना हे कुणी सुचवलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "उसना कोट घालून बोहल्यावर चढायचं का मी?" असं विचारायचे आणि स्वतःचा गडी घेऊन हरायला निघायचे.

हे गडी त्यांना सुचायचे कुठे, तर माणसांत. सिल्लोडला एका लग्नात पंगत बसली तरी आमचे भावजी बेपत्ता. शोधलं तर भट्टीजवळ आचाऱ्यासमोर उभे. आचाऱ्याची तऱ्हा अशी, एका हाताने बुंदीचा झारा आपटायचा, दुसऱ्याने कढईखालचं लाकूड सरकवायचं आणि नजर मात्र तिसरीकडे, तूप पळवणाऱ्या वाढप्यावर. भावजी उपाशीपोटी घरी आले आणि डाव्या हातात ढाल, उजव्या हातात पलिता असा गडी बांधला. तो इतका चालला की खेळातल्या चार परक्या लोकांनी तो उचलला. मी शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ही बातमी मी मोठ्या अभिमानाने सांगितली. कुणाला काही कळलं नाही, पण पेढे मागितले.

सगळेच गडी असे नशीबवान नव्हते. पाहुण्यांना घेऊन आम्ही वेरूळला गेलो, तेव्हा तिथल्या गाइडने सांगितलं की कैलास लेणं आधी कळस मग पाया असं वरून खाली कोरत आणलंय. पाहुणे माना वर करून बघत होते आणि भावजी मान खाली घालून पुटपुटत होते. घरी येऊन त्यांनी जो गडी बांधला त्याचे सगळे गुण सर्वांत वरच्या एकाच घावासाठी राखून ठेवले. चिलखत नाही, पायात वहाण नाही. तीन आठवडे त्या बिचाऱ्याला रानडुकरांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांनी मारलं. "कळस झालाय वहिनी, पाया तेवढा राहिलाय," असं ते शांतपणे सांगायचे.

आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हा पहिली घागर कायम शेजारच्या खालांची, म्हणजे गल्लीच्या मुसलमान मावशींची, भरायची. वय साठीचं, गुडघे दुखरे, आणि तरण्याताठ्या बायका मागे. भावजींनी एकदा हात जोडून विचारलं, "खाला, तुम्ही एवढं जोरात पळता तरी कधी?" खाला हसल्या. "मैं दौडती नै बेटा. दौडते सो लोगां पीछेच रह जाते. टँकर जिधर रुकता, मैं पहलेच उधर खडी रहती." भावजींनी हे वहीत लिहून ठेवलं. त्या वहीत असे पुष्कळ लोक होते. फक्त घरातलं कुणी नव्हतं, आणि त्याबद्दल मी थोडी रुसलेही होते.

घरात मी, माझे यजमान, भावजी आणि सासरे. सासऱ्यांचं सारं आयुष्य मेंढरांमागे गेलं. एका उन्हाळ्यात तळी आटली, चारा संपला, तेव्हा त्यांनी कळप गोदाकाठच्या एका नातलगाच्या हवाली केला आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. खंड्या नावाचं त्यांचं कुत्रं होतं. तेही त्यांनी कळपाबरोबरच पाठवलं. "कुत्रं मेंढरांचं असतं, माणसाचं नसतं," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते फारसे बोललेच नाहीत. खिडकीशी खाटेवर बसून समोरच्या मोकळ्या रानात इमारतींचे पाये खोदले जाताना बघायचे. त्यांना काही विचारावं असं आमच्या घरात काही उरलंच नव्हतं, हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

आता भावजींचा खरा हट्ट सांगते. त्या खेळात हंगामाच्या शेवटी एक घाट लागतो. धुक्यातून वाटसरूंचा तांडा एकट्याने पार न्यायचा. एक जरी वाटसरू मेला तरी डाव संपला. जो कुणी आधी कधी न दिसलेल्या गड्यानिशी घाट पार करेल, त्याला त्या गड्याचं नाव तिथल्या शिळेवर कोरायला मिळायचं. भावजी तीन हंगाम हरले होते. सोबतचे खेळाडू 'गळका प्लंबर' म्हणायला लागले होते. एवढं काय त्या शिळेचं, असं मी विचारलं तेव्हा ते पहिल्यांदाच गंभीर झाले. म्हणाले, "गाव सोडलं तवा लोक म्हणले, मेंढक्याची पोरं शहरात दुसऱ्याचं बघून बघून जगतील. एक तरी गोष्ट आपली पायजे वहिनी, जी दुसऱ्यानं बघून करावी." मी त्यानंतर शिळेची चेष्टा केली नाही.

चौथ्या हंगामाचा शेवटचा दिवस रविवार होता. दुपारपासून भावजी सासऱ्यांच्या खाटेच्या कडेला बसून हरत होते. या वेळी गड्याच्या हाती काठी होती, सोबत कुत्रं होतं आणि सगळे गुण कुत्र्याच्या वेगात घातले होते. धुक्यातून एक शत्रू दिसायचा, कुत्रं त्याच्यावर सुटायचं, तेवढ्यात मागून दुसरा येऊन वाटसरू उचलायचा. कुत्रं वाऱ्यासारखं परतायचं, तरी उशीरच व्हायचा. जगभरातले खेळाडू जनावराचा वेग वाढवत होते आणि इथेच मार खात होते.

सहाव्यांदा हरल्यावर खाटेवरून आवाज आला, "कुत्रं कशाला पळवतूस?"

भावजी दचकले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. सासरे मोबाइलच्या पडद्याकडे बोट दाखवत होते. "लांडगं एकलं येत नसतं. एक म्होरं दिसतं ते कुत्र्याला नादी लावायला. खरं मागून येतं. कुत्रं मेंढरांतच बसव. भुंकू दे तिथूनच. भुंकंल त्या अंगाला तू काठी घेऊन जा."

"पण आबा, भुंकण्यानं कोणी मरत नाय ह्यात. शत्रू घडीभर थांबतो फक्त."

"मग? घडीभरच लागती."

खेळात भुंकण्यावर गुण घालता येतात, पण आजवर ते कुणी घालत नव्हतं. आधीचे गुण काढून नव्याने वाटायची संधी हंगामात एकदाच मिळते. ती भावजींनी राखून ठेवली होती. वेग सगळा काढून भुंकण्यात घातला आणि फसलं, तर हंगाम गेला. भावजींनी एकदा वही उघडली, खालांचं वाक्य वाचलं, वही मिटली आणि कुत्र्याचा सगळा वेग काढून टाकला. मला वाटलं, हा कळस-पायाचाच दुसरा प्रकार होणार.

कुत्रं तांड्याच्या मधोमध बसलं. धुक्यातून पहिला शत्रू आला, नाचला, कुत्रं हललं नाही. मग ते मागे तोंड करून भुंकलं, दुसरा शत्रू जागीच थबकला आणि गडी काठी घेऊन तिथे हजर. सासरे खाटेवर गुडघ्यांवर बसले होते आणि जनावरांना घालतात तसली हाळी घालत होते. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. अकरा वेळा लांडगे आले, अकरा वेळा कुत्रं भुंकलं, आणि तांडा एकही वाटसरू न गमावता घाट उतरला. भावजी ओरडले नाहीत. त्यांनी मोबाइल खाटेवर ठेवला आणि वडिलांच्या पायांना हात लावला. मी मात्र रडले, आणि खालांना वरूनच हाक मारून सांगितलं.

दुसऱ्याचं काही न उचलणाऱ्या माणसाने शेवटी उचललं म्हणायचं, असं मी संध्याकाळी चिडवलं. भावजी म्हणाले, "आबा दुसरे हायेत व्हय?"

शिळेवर नाव काय घालायचं, हे त्यांनी आबांनाच विचारलं. सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "खंड्या." पुढचे कित्येक महिने ज्यांनी आयुष्यात मेंढरू पाहिलं नसेल अशा दूरदेशीच्या लोकांनी 'खंड्या' बांधून तो घाट पार केला. गळका प्लंबर म्हणणारेही त्यांत होते.

पुढे खेळ करणाऱ्यांनी घाटच बदलला. आता तिथे भुंकून कुणी थांबत नाही, शिळाही काढून टाकली. भावजी नव्या गड्यांच्या मागे लागलेत. सासरे थकलेत, मधूनच त्यांना विसर पडतो. पण भावजी कामावरून आले की रोज एकदा तरी ते विचारतात, "खंड्या बसलंय न्हवं रं मेंढरांत?"

भावजी हातपाय पुसता पुसता सांगतात, "बसलंय आबा. हललं नाय."